महिंद्राची हाय बॉनेट जीप: आजच्या भावाला घ्यावी का?

मी २०२२ च्या मे महिन्यात गडहिंग्लजजवळच्या एका गावातून १९६८ सालच्या नोंदणीची महिंद्रा सीजे-३बी, म्हणजे जीपवाल्यांच्या बोलीत ‘हाय बॉनेट’, ३ लाख ४० हजार रुपयांना विकत घेतली. तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढले होते आणि तसे पाहिले तर त्यांचे फारसे चुकले नव्हते. गोठ्याला लागून असलेल्या छपराखाली ती उभी होती. हूड कुजले होते, मागच्या हौद्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि चारपैकी तीन चाकांत हवा नव्हती. अशीच एक जीप, तीही चालू अवस्थेतली, २०१० च्या सुमारास कराडला मला ८५ हजारांना सांगितली होती आणि ‘एवढे पैसे कोण घालणार’ असे म्हणून मी ती सोडून दिली होती. गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी माझ्या जीपला साडेनऊ लाख रुपये देऊ केले, आणि तेही गाडी चालवून पाहण्याआधी, केवळ कागद पाहून. जुन्या जीपांच्या आजच्या बाजाराचे सगळे मर्म त्या ‘केवळ कागद पाहून’मध्ये आहे. त्यामुळे या गाडीचे परीक्षण लिहिताना तिच्या यंत्राइतकेच तिच्या भावाबद्दल, आणि ती ज्या गॅरेजात पुन्हा उभी राहिली तिथल्या कामाबद्दलही, लिहिणे भाग आहे.

आधी गाडी नेमकी कोणती ते सांगतो, कारण या नावांचा बाजारात मोठा गोंधळ आहे आणि तो बऱ्याचदा मुद्दाम केलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक लष्करी जीपा बनवल्या. त्यांपैकी ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी आपल्याकडे आलेल्या पुष्कळशा जीपा युद्ध संपल्यावर इथेच ‘डिस्पोजल’मध्ये विकल्या गेल्या. पुढे, १९४५ मध्ये लुधियानात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेल्या आणि फाळणीनंतर १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालेल्या कंपनीने विलीजचा परवाना घेऊन मुंबईत माझगावला सुट्या भागांपासून जीपांची जुळणी सुरू केली. सुरुवातीच्या या नागरी जीपा ठेंगण्या बॉनेटच्या होत्या. १९५३ मध्ये अमेरिकेत सीजे-३बी आली, तिच्यात ‘हरिकेन’ नावाचे नवे इंजिन होते. त्याचे इनटेक वॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये अशी रचना असल्यामुळे इंजिनाची उंची वाढली, ते जुन्या बॉनेटखाली बसेना, म्हणून कंपनीने अंग तेच ठेवून बॉनेट आणि तोंडाची जाळी तेवढी उंच केली. दिसायला हा प्रकार थोडा बेंगरूळच होता, डोक्यावर मोठी टोपी चढवलेल्या मुलासारखा, आणि बरीच वर्षे शौकीन मंडळी हाय बॉनेटला नाक मुरडत होती. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झाले; आपल्याकडे महिंद्राने ते त्यानंतरही चालू ठेवले.

आपल्या पिढीने पाहिलेली जीप बहुतेक वेळा हीच होती. तहसीलदार, बीडीओ, साखर कारखान्याचे चेअरमन, निवडणुकीतला भोंगा, धरणावरचे इंजिनियर, सगळ्यांच्या बुडाखाली हीच गाडी असायची, आणि ‘जि.प.ची जीप’ हे शब्द तर आमच्याकडे एकाच श्वासात उच्चारले जात. त्यामुळे तिला ‘जमवण्याची वस्तू’ मानायला आपले मन तयार होत नाही. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा तिच्यापुढे हात जोडणारा माणूस जीपकडे मात्र भंगाराच्या वजनाच्या हिशेबाने बघत आला आहे, आणि या नजरेपायीच हजारो जीपा खरोखर भंगारात गेल्या.

आता प्रत्यक्ष गाडीबद्दल. इंजिन २.२ लिटरचे, चार सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे. कंपनीने सांगितलेली ताकद ७५ अश्वशक्ती. हा आकडा ऐकून कोणी आजच्या गाड्यांशी तुलना करू लागला तर त्याने ती करू नये, कारण ही ताकद पळण्यासाठी नाहीच. गाडी जेमतेम टनभर वजनाची, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ८० इंच, आणि इंजिनाचा सगळा जोर अगदी खालच्या फेऱ्यांवर. आमच्या शेताकडे जाणाऱ्या ओढ्याच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढून घेतला तरी ती आपल्याच चालीने, बैलासारखी मान खाली घालून, वर चढते. गिअर तीनच आहेत आणि पहिल्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी सोय) नाही, त्यामुळे गाडी पुरती थांबवल्याशिवाय पहिला टाकला की सगळ्या गल्लीला कळते. मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी दोन छोटे दांडे आहेत: एक पुढची चाके जोडण्यासाठी, दुसरा हाय-लो, म्हणजे नेहमीची चाल आणि जास्त जोराची संथ चाल, बदलण्यासाठी. कोणता आधी आणि कोणता नंतर हे हाताला बसायला मला पंधरा दिवस लागले, पण एकदा बसल्यावर भाताच्या चिखलातून गाडी काढताना जी मजा येते ती बटण दाबून चाके जोडणाऱ्या नव्या गाडीत येत नाही, हे मी दोन्ही चालवून सांगतो.

हमरस्त्यावर मात्र ही गाडी शिक्षा आहे. ताशी ५५ किलोमीटरपर्यंत ती खुशीत असते, ६५ ला स्टीअरिंग हातात थरथरू लागते आणि त्यापुढे बोलणे ऐकू येत नाही. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, बूस्टर नाही; पावसात पाण्यातून आल्यावर पहिले दोन ब्रेक देवाच्या नावाने मारायचे असतात. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटच्या खाली, काटा बंद, म्हणून टोपण काढून वेताची काडी बुडवून मी तेल बघतो. लिटरला आठ, फार तर साडेआठ किलोमीटर पडतात. कमानपाटे इतके कडक आहेत की माझ्या सौभाग्यवतींनी एकदा मलकापूरपर्यंत प्रवास केल्यावर पुन्हा न बसण्याचा निर्णय घेतला आणि तो आजतागायत पाळला आहे. वाहन म्हणून या वस्तूची किंमत लाखभरापेक्षा जास्त करता येणार नाही. मग बाकीचे साडेआठ लाख कशाचे?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९६६ ते १९७७ या काळातली पहिल्या पिढीची फोर्ड ब्रॉन्को, इंटरनॅशनलची स्काउट आणि टोयोटाची एफजे-४० लँड क्रूझर या एकेकाळच्या शेतावरच्या, खाणीवरच्या गाड्या. गेल्या दीड-दोन दशकांत त्या लिलावगृहांत पोचल्या आणि उत्तम स्थितीतल्या एफजे-४० ला एक लाख डॉलरच्या पुढची बोली लागल्याची उदाहरणे आहेत. लँड रोव्हरने २०१६ च्या जानेवारीत सोलिहलच्या कारखान्यात जुन्या घडणीच्या डिफेंडरचे उत्पादन थांबवले, पण त्याच्या महिनाभर आधीच तिच्या वंशातली वीस लाखावी गाडी लंडनला लिलावात चार लाख पौंडांना गेली होती. कारणे सगळीकडे सारखीच दिसतात. ज्यांनी लहानपणी या गाड्यांच्या मागच्या बाकावर धूळ खाल्ली ते आता पन्नाशी-साठीत आहेत आणि त्यांच्या हातात पैसा आहे. या गाड्या राबवून मारण्यासाठीच बनल्यामुळे धड अवस्थेत फार थोड्या उरल्या आहेत. शिवाय कंपन्यांनी जुन्या चेहऱ्याच्या नव्या गाड्या काढल्या की लोकांना मूळ गाडीची आठवण येते: तिकडे नवी ब्रॉन्को आली, आपल्याकडे २०१० मध्ये थार आणि २०२० मध्ये तिची नवी आवृत्ती आली. नव्या थारची पहिली गाडी लिलावात १ कोटी ११ लाखांना गेली (ती रक्कम मदतकार्यासाठी होती) आणि त्या सुमारास आमच्या भागात अंगणात पडलेल्या प्रत्येक जीपचा मालक अचानक शहाणा झाला.

आपल्याकडे मात्र आणखी एक गोष्ट आहे, आणि भाव चढण्यामागे माझ्या मते तीच सगळ्यांत मोठी आहे. जुनी जीप आपल्याकडे लोखंडाने मरत नाही, कागदाने मरते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. गावाकडच्या जीपांच्या बाबतीत ही साखळी कुठे ना कुठे तुटलेलीच असते. मूळ मालक वारलेले, गाडी त्यांच्याच नावावर, वारस चार, त्यांतला एक सुरतेला आणि एकाचे इतर तिघांशी पटत नाही. अशा वेळी सातबाऱ्यावरची वारसनोंद सोपी वाटू लागते. जुने कापडी बांधणीचे आरसी बुक असले तरी त्याची नोंद संगणकावर नसते, आणि ती ‘बॅकलॉग एंट्री’ करून घेतल्याशिवाय गाडी सरकारच्या लेखी अस्तित्वातच नसते. त्यात पेट्रोल महागल्यावर लोकांनी हरिकेन इंजिने उपटून काढली आणि प्युजोची, ट्रॅक्टरची, मिळेल ती डिझेल इंजिने बसवली. काहींनी तो बदल आरसीवर चढवून घेतला, पुष्कळांनी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत मूळ रचनेत बदल केलेल्या गाड्यांबद्दल कडक भूमिका घेतल्यापासून असल्या गाड्यांचे पासिंग अधिकच अवघड झाले आहे. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर आलेल्या बंदीमुळे तिकडच्या जीपा एनओसी घेऊन इतर राज्यांत गेल्या, आणि जाताना कागदांचा गुंता बरोबर घेऊन गेल्या.

या सगळ्यातून आरसीवर पेट्रोल, बॉनेटखाली पेट्रोल, इंजिन नंबर आणि चासी नंबर जुळणारे, कर भरलेला, नोंदणी चालू आणि मालक एकच, अशा जीपा शंभरांत चार निघतील की नाही याची मला शंका आहे. माझ्या जीपचे मूळ मालक एका सहकारी संस्थेतून निवृत्त झालेले सचिव होते आणि त्यांनी १९६८ पासूनची प्रत्येक कराची पावती बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती. साडेनऊ लाखांतले निदान चार लाख त्या डब्याचे आहेत.

ज्यांना गाडी ५० वर्षांवरची आहे म्हणून तिला ‘व्हिंटेज’ ठरवून घ्यायची आहे त्यांच्यासाठी २०२१ च्या जुलैत केंद्राने वेगळे नियम केले आहेत. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच मुभा आहे. मला ओढ्यापर्यंत जायचे असल्यामुळे मी साध्या नूतनीकरणाचा मार्ग धरला. तोही आता स्वस्त राहिलेला नाही. २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांपुढच्या हलक्या मोटारींना नूतनीकरणासाठी १० हजार रुपये शुल्क झाले आहे, आणि हरित कर वेगळा.

भाव वाढला की नकली माल येतोच. सध्या सर्वांत जास्त फसवणूक ‘युद्धातली ओरिजिनल विलीज’ या नावाखाली चालते, कारण तिला आमच्या हाय बॉनेटच्या दुप्पट-तिप्पट पैसे सांगितले जातात. महिंद्राच्या ठेंगण्या जीपला लष्करी हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा आणि मागे कुऱ्हाड-फावडे लावले की अननुभवी माणसाला फरक कळत नाही. मी अशा तीन गाड्या जवळून पाहिल्या आणि तिन्ही बनावट निघाल्या. ओळखायच्या खुणा साध्या आहेत. लष्करी जीपच्या तोंडाच्या जाळीत नऊ फटी असतात, नागरी जीपच्या सात. पण जाळी बदलता येते, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. लष्करी जीपला मागे फाळका नसतो, स्टेपनी मागच्या पत्र्यावर असते आणि पेट्रोलचे तोंड सीट उचलल्यावर दिसते. नागरी जीपला फाळका असतो, स्टेपनी बाजूला असते आणि तेलाचे तोंड बाहेरच्या अंगाला असते. लष्करी जीपचे हेडलाइट बिजागरीवर उलटे फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येतो. फोर्डने बनवलेल्या जीपांवर तर बोल्टच्या डोक्यावरसुद्धा फोर्डचा ‘एफ’ ठोकलेला असतो, आणि पत्राकाम कितीही सफाईदार केले तरी पन्नास बोल्ट कोणी खोटे करत बसत नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीला आणि पंजाबातल्या काही ठिकाणी नव्या पत्र्याचे पूर्ण अंगच तयार मिळते. ते काम वाईट असते असे नाही, पण ती नवी वस्तू आहे आणि तिला जुन्याचा भाव देऊ नये. खिशात एक लहान लोहचुंबक ठेवावे; जिथे ते चिकटत नाही तिथे पुट्टी आहे.

जुन्या जीपांच्या पायी पैसे अडकण्याची परंपरा तशी जुनीच म्हणायची. १९४८ मध्ये लंडनमार्फत सैन्यासाठी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपांचा ८० लाखांचा करार झाला, प्रत्यक्षात १५५ जीपा आल्या आणि त्यावरून स्वतंत्र भारतातला पहिला घोटाळा गाजला. माझे प्रकरण त्या मानाने घरगुती होते.

मी गाडी कोल्हापुरात उद्यमनगर भागातल्या एका गॅरेजात दिली. त्याचे नाव इथे घेत नाही, कारण तिथे मला जे मिळाले त्यात उत्तम आणि संतापजनक या दोन्ही गोष्टी इतक्या मिसळल्या आहेत की एका शब्दात निवाडा करणे अन्यायाचे होईल. अंदाज सव्वादोन लाखांचा आणि सहा महिन्यांचा होता. लागले ३ लाख ९० हजार आणि चौदा महिने. इंजिनाचे काम करणारे मेस्त्री सत्तरीचे आहेत. या इंजिनाचे एक्झॉस्ट वॉल्व्ह खाली ब्लॉकच्या बाजूच्या झाकणाआड असल्यामुळे त्यांची टॅपेट सेटिंग, म्हणजे वॉल्व्हच्या फटीची जुळवणी, करायची तर मॅनिफोल्डखालून हात घालावा लागतो. मेस्त्री चाकाच्या कमानीवर आडवे होऊन, डोळे मिटून, बोटांनी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवत ते काम करत, आणि झाल्यावर इंजिन इतके मऊ चालू लागले की रेडिएटरच्या टोपणावर ठेवलेला एक रुपया उभा राहिला नसला तरी पडूनही गेला नाही. स्टीअरिंगच्या बुशा बाजारात मिळेनात तेव्हा शेजारच्या लेथवाल्याने गनमेटलच्या घडवून दिल्या, त्याही दुपारच्या जेवणाआधी. असे काम मुंबई-पुण्यात आज कुठे होत असेल तर मला दाखवावे.

पत्राकाम आणि रंग मात्र दुसऱ्या माणसाकडे होते आणि तिथे घात झाला. मी रंग काढून मूळ पत्रा राखा असे बजावले होते. मेस्त्रींनीही त्याला माझ्यादेखत सांगितले होते, “ह्यो पत्रा जुना हाय, ह्याला छन्नी लावू नगंस.” तरी मागच्या हौद्याचा तळ आणि डाव्या बाजूची खालची पट्टी कापून नवी बसवली गेली आणि वरून पुट्टी फिरवली गेली. डॅशबोर्डवर गिअर कसे टाकावेत हे सांगणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जुन्या पाट्या असतात. त्या ‘खराब झाल्या होत्या’ म्हणून टाकून देण्यात आल्या आणि त्यांच्या जागी चकचकीत नव्या आल्या. जमवणारे लोक याच पाट्यांवर टॉर्च मारून बघतात. पण खरी कहाणी चासी नंबरची आहे. चासी वाळूच्या माऱ्याने साफ करून तिच्यावर काळ्या रंगाचे तीन थर चढवले गेले, आणि पुढच्या पट्टीवर ठोकलेला नंबर त्या रंगाखाली गडप झाला. नूतनीकरणाच्या दिवशी निरीक्षकांनी नेहमीप्रमाणे कागदाची पट्टी ठेवून वर शिसपेन्सिल घासली, तर कागदावर नुसता काळा डाग उमटला, अंक एकही नाही. साडेसात लाख रुपये घातलेली गाडी एका क्षणात बेवारस झाली. निरीक्षक सज्जन होते, त्यांनी पुढची तारीख दिली. मी आणि मेस्त्री दोघांनी मिळून दोन संध्याकाळी रंग काढण्याचे द्रावण आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन तो नंबर अंकाअंकाने बाहेर काढला. शेवटचा सात दिसला तेव्हा मेस्त्री म्हणाले, “सायेब, गाडी तुमची न्हवं, ह्या आकड्याची हाय.”

चालवण्याचा खर्च वेगळा. सुटे भाग मिळतात, कारण महिंद्राने हे यंत्र इतकी वर्षे बनवले की पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसकडे निम्म्या गोष्टी अजून सापडतात. अमेरिकेतल्या मालकांना जे कॅटलॉगमधून डॉलर मोजून मागवावे लागते ते आपल्याला दुकानदार धूळ झटकून देतो. ही या गाडीची सगळ्यांत मोठी जमेची बाजू आहे. उलट त्रास नव्या पेट्रोलचा आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सगळीकडे आल्यापासून एसी पंपाची, म्हणजे टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपाची, डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) आणि जुन्या रबरी नळ्या लवकर जातात, म्हणून मी सगळ्या नळ्या बदलून घेतल्या आणि जादा डायफ्रॅम बरोबर ठेवतो. एप्रिलमध्ये आंबा घाटात पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबते तेव्हा एसी पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे बसावे लागते. पहिल्यांदा हे घडले तेव्हा मी टो करायला माणूस बोलावला. आता थर्मासमध्ये चहा नेतो.

आता हिशेब. गाडीचे ३ लाख ४०, गॅरेजचे ३ लाख ९०, टायर, हूड आणि कागदपत्रे मिळून ४५ हजार, म्हणजे एकूण पावणेआठ लाख. तेवढेच पैसे सात टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तरी गेल्या दिवाळीपर्यंत साडेनऊच्या आसपासच झाले असते, आणि बँकेने माझ्या मागच्या हौद्याचा तळ कापला नसता. त्यामुळे ‘जुन्या जीपेत पैसे घाला, दुप्पट होतात’ असे सांगणाऱ्यांचे ऐकू नये. दुप्पट त्यांचे होतात ज्यांनी २०१० मध्ये घेऊन छपराखाली ठेवली आणि काहीही केले नाही. उभी करण्याच्या मजुरीचे दर गाडीच्या भावाच्या बरोबरीने चढले आहेत, आणि वाढीचा मोठा वाटा पत्राकाम करणाऱ्यांच्या खिशात जातो.

हाय बॉनेट नको असेल तर पर्याय आहेत. एमएम ५४० ही ऐंशीच्या दशकातली, प्युजोच्या २.१ लिटर डिझेल इंजिनाची जीप वापरायला जास्त सोयीची आणि अजून तुलनेने स्वस्त आहे. आमच्याकडे शेतकऱ्याला ती आजही पटते. मारुती जिप्सी १९८५ अखेर आली आणि २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झाली. तिचे भाव बंद झाल्यापासूनच वर आहेत, पण ती चालवायला इतकी हलकी आणि भरवशाची आहे की त्या पैशांत निदान रोज वापरता येते. जबलपूरच्या कारखान्यात सैन्यासाठी बनलेली, जवळपास चार लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनाची जोंगा मात्र शौकाचीच गोष्ट आहे. महेंद्रसिंग धोनीने २०१९ मध्ये एक घेतल्यापासून विकणारा प्रत्येक जण ‘धोनीवाली’ असे म्हणूनच सुरुवात करतो, आणि तिचे पेट्रोल भरायला धोनीच व्हावे लागते.

हाय बॉनेट घ्यायचीच असेल तर माझे मत असे. मूळ पेट्रोल इंजिन, न कापलेला पत्रा, जुळणारे दोन्ही नंबर, संगणकावरची नोंद आणि चालू नोंदणी या गोष्टी असतील तर न रंगवलेली, गंजलेली, कोंबडी बसलेली गाडी चार-साडेचार लाखांपर्यंत खुशाल घ्यावी. नव्याने रंगवून उभी केलेली गाडी कोणी दहा लाखांना सांगत असेल तर रंगाच्या आधीचे फोटो मागावेत, आणि ते नसतील तर तिथून निघावे. कागद नसलेली जीप दीड लाखालाही महाग आहे, मग ती कितीही देखणी असो. डिझेल बसवलेली असेल आणि आरसीवर पेट्रोल असेल तर मालकाला आधी कागद सुधारायला सांगावे, ‘नंतर करून घेऊ’ या शब्दावर पैसे देऊ नयेत.

पुण्याच्या गृहस्थांना मी अजून होकार दिलेला नाही. त्यांनी नव्या पाट्यांबद्दल विचारले तेव्हा मी खरे ते सांगितले, आणि त्यांनी त्यासाठी लगेच चाळीस हजार कमी केले, यावरून माणूस जाणता आहे एवढे कळले. तूर्त मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमधून तेल झिरपते आहे, त्याचे सील बदलायला जीप पुढच्या आठवड्यात उद्यमनगरला न्यायची आहे. या वेळी मेस्त्रींना आधीच फोन करून सांगून ठेवले आहे की चासीच्या नंबरावर ग्रीस लावा, रंग लावू देऊ नका.